मुस्तफाची बॅटरी

नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातल्या एखाद्या शहरात लहानाचं मोठं झालेल्या माणसाला ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ हे नाव सांगून बघा. तो बहुधा गोंधळेल. मग ‘मुस्तफा’ म्हणा. लगेच हसेल. जपानच्या कॅपकॉम कंपनीने १९९३ साली काढलेला हा आर्केड गेम मार्क शुल्ट्झ या अमेरिकन चित्रकाराच्या ‘झेनोझोइक टेल्स’ या कॉमिकवर बेतलेला होता. खेळायला चार पात्रं मिळायची, त्यातलाच एक मुस्तफा कैरो. आपल्याकडच्या व्हिडिओ गेम पार्लरांत पोरांनी त्याचं नाव अख्ख्या खेळालाच देऊन टाकलं.

या खेळाच्या मूळ बोर्डवर एक छोटी बॅटरी असते. यंत्र बंद असलं, वीज नसली, तरी ती आपलं काम करत राहते. काही वर्षांनी ती संपते आणि तिच्यासोबत खेळही संपतो. बोर्ड शाबूत असतो, सगळे सांधे जागच्या जागी असतात, तरी यंत्र पूर्वीसारखं चालत नाही. हा अपघात नव्हता, कंपनीनेच तशी रचना केली होती. जुनी आर्केड यंत्रं दुरुस्त करणारे लोक तिला ‘आत्मघातकी बॅटरी’ म्हणतात. ती का बसवली आणि तिच्यावर मात कशी झाली, हा इतिहास खेळ बनवणाऱ्यांइतकाच स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसणाऱ्यांचाही आहे.

तशी आर्केडच्या धंद्याची सुरुवातच एका ‘बिघाडा’पासून झाली. १९७२ साली अटारी या नव्या कंपनीने ‘पाँग’चं पहिलं यंत्र कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेल गावात, ‘अँडी कॅप्स टॅव्हर्न’ नावाच्या बारमध्ये ठेवलं. थोड्याच दिवसांत ते बंद पडल्याची तक्रार आली. ज्याने ते बनवलं तो इंजिनिअर ॲलन आल्कॉर्न स्वतःच दुरुस्तीला गेला. पेटी उघडली तर आतलं भांडं नाण्यांनी ओसंडून वाहत होतं आणि नाणं घेणारी यंत्रणा त्यात अडकली होती. लोक इतके खेळले होते की यंत्रात पैसे मावेनात. ‘पाँग’मध्ये प्रोसेसर नव्हता, सॉफ्टवेअरही नव्हतं. सगळा खेळ साध्या लॉजिक चिपा जोडून केलेला. त्यामुळे खेळ समजून घ्यायचा म्हणजे सर्किटच वाचायचं.

पुढे खेळ आणि यंत्र वेगळे होऊ लागले, आणि तिथेही दुरुस्तीचाच हात होता. निन्टेन्डोने ‘रडार स्कोप’ नावाच्या खेळाची सुमारे ३,००० यंत्रं अमेरिकेत मागवली. त्यातली जेमतेम १,००० खपली, बाकीची गोदामात पडून राहिली. कंपनीच्या अमेरिकन शाखेचा कारभार मिनोरू अराकावा पाहत होते. निन्टेन्डोचे प्रमुख हिरोशी यामाउची यांचे ते जावई. जपानमध्ये शिगेरू मियामोतो या तरुण कलाकाराला त्याच यंत्रावर चालेल असा नवा खेळ करायला सांगण्यात आलं. १९८१ साली त्या खेळाचे सुटे भाग अमेरिकेत पोचले. अराकावा, त्यांची पत्नी योको आणि हाताशी असलेली मोजकी माणसं गोदामात बसून एकेक पेटी उघडत गेली. आतला बोर्ड बदलला, बाहेरची चित्रं बदलली. तो खेळ होता ‘डाँकी काँग’, आणि त्यात शिडी चढणारा मिशीवाला सुतार पुढे ‘मारिओ’ म्हणून जगभर गेला. अमेरिकेतली सुरुवातीची ‘डाँकी काँग’ यंत्रं लाल रंगाची आहेत, नंतरची निळी. कारण लाल पेट्या मुळात ‘रडार स्कोप’च्या होत्या.

पेटी तीच ठेवून खेळ बदलायचा, ही सवय मग सगळ्या धंद्याला लागली. पण प्रत्येक कंपनीची वायरिंग निराळी, त्यामुळे दर वेळी नव्याने जोडणी करावी लागे. १९८५च्या सुमारास जपानमधल्या यंत्र-उत्पादकांच्या ‘जामा’ या संघटनेने एक सामाईक पट्टी ठरवली. ५६ पिनांची ही पट्टी म्हणजे बोर्डाला वीज, जॉयस्टिक, बटणं, स्पीकर आणि पडदा या सगळ्यांशी एकाच ठिकाणी जोडणारा दुवा. जुना बोर्ड उपसायचा, नवा खोचायचा, की दुकानात नवा खेळ. कमी भांडवलात पार्लर चालवणाऱ्याला याहून सोयीचं काही नव्हतं.

ही सोय नक्कल करणाऱ्यांच्याही पथ्यावर पडली. १९९१ साली कॅपकॉमचा ‘स्ट्रीट फायटर टू’ आला आणि त्याचे नकली बोर्ड देशोदेशी निघाले. चिपेतली माहिती वाचायची, दुसऱ्या चिपेत भरायची, स्वस्तात विकायचं. यावर कॅपकॉमचं उत्तर म्हणजे ती बॅटरी. ‘मुस्तफा’च्या बोर्डात आवाज सांभाळणाऱ्या प्रोसेसरच्या आज्ञा सांकेतिक रूपात लिहिलेल्या होत्या. त्या उलगडण्याची किल्ली अशा मेमरीत ठेवली होती, जी वीज गेली की कोरी होते. तिला सतत थोडी वीज पुरवणं हे बॅटरीचं काम. कुणी चिपा काढून नक्कल करू पाहिली, तर हाती लागणार निव्वळ गिचमिड. त्याच वर्षी आलेल्या ‘सीपीएस-टू’ या पुढच्या यंत्रणेत तर मुख्य प्रोग्रामच कुलपात गेला. बॅटरी संपली की पडद्यावर एकच सपाट रंग.

कुलूप चोरासाठी होतं, पण बॅटरीला चोर आणि मालक यांतला फरक कळत नाही. ज्यांनी पूर्ण पैसे मोजून मूळ बोर्ड घेतले, त्यांचेच बोर्ड काही वर्षांनी मुके आणि आंधळे होऊ लागले. आपल्याकडच्या पार्लरांत नकली बोर्डांना तोटा नव्हता, आणि ‘मुस्तफा’च्या काही नकलांमध्ये ती कुलूपबंद आवाज-यंत्रणाच काढून साधी चिप बसवलेली होती. आवाज मूळपेक्षा पातळ, पण मरणाची तारीख नाही. अस्सल माल आयुष्य मोजत होता आणि नक्कल बिनधास्त चालत होती.

सुटकेची वाट १९९७ मध्ये निघाली. त्या वर्षी निकोला साल्मोरिया या इटालियन प्रोग्रामरने ‘मेम’ हे सॉफ्टवेअर प्रसिद्ध केलं. जुन्या आर्केड बोर्डांचं वागणं साध्या संगणकावर हुबेहूब उतरवणं हा त्याचा उद्देश. त्यासाठी जगभरच्या हौशी लोकांनी मरणपंथाला लागलेले बोर्ड शोधून त्यांच्या चिपा वाचल्या, नोंदी केल्या. ‘सीपीएस-टू’चं कुलूप मात्र सहजी हाती लागलं नाही. आधी जिवंत बोर्डांकडूनच त्यांच्या उलगडलेल्या आज्ञा काढून घेण्यात आल्या. कुलपामागचं गणित पूर्ण सुटायला २००७ उजाडलं. आणि २०१६ मध्ये एदुआर्दो क्रूझ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मेलेल्या ‘सीपीएस-टू’ बोर्डात ती किल्ली पुन्हा भरण्याची रीत जाहीर केली. काही बारीक वायरी जोडायच्या, किल्ली आत सोडायची, की बोर्ड उठून बसतो. कंपनीने लावलेलं कुलूप चाहत्यांनी उघडलं, आणि त्यामुळे कंपनीचंच काम वाचलं.

बोर्ड वाचला तरी पेटी वाचतेच असं नाही. जुन्या यंत्राचा सगळ्यात नाजूक अवयव म्हणजे काचेची पिक्चर ट्यूब. तिच्यामागच्या कपॅसिटरांतलं द्रव वर्षानुवर्षांच्या उष्णतेने सुकतं, मग चित्राच्या कडा आत वळतात, पडदा थरथरतो. ते बदलता येतात. लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत आजही मिळणारा, किरकोळ किमतीचा भाग तो. फक्त हात घालण्याआधी ट्यूबमध्ये साठलेला, वीस हजार व्होल्टच्या घरातला दाब जमिनीला सोडून द्यावा लागतो. प्लग काढला म्हणजे धोका टळला, असं या कामात समजायचं नसतं. काही चिपांच्या डोक्यावर चिकटवलेला कागदाचा तुकडाही उगाच ओरबाडायचा नाही. त्याखाली काचेची खिडकी असते आणि तिच्यातून अतिनील किरणं आत गेली, तर चिपेतला खेळच पुसला जातो.

पण ट्यूब स्वतः म्हातारी झाली, तर फारसा इलाज नाही. जुन्या ‘पॅक-मॅन’ यंत्रांच्या काचेवर चक्रव्यूहाच्या रेषा कायमच्या भाजल्या गेल्यात. यंत्र बंद असतानाही दिसतात. कुणी म्हणतं ट्यूब बदला, कुणी म्हणतं एलसीडी बसवा, कुणी म्हणतं हात लावू नका, हजारो तास लोक इथे उभे होते याचा तो पुरावा आहे. काय दुरुस्त करायचं आणि काय तसंच ठेवायचं, हे ठरवणं सोपं नाही. १९७८च्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्ये शत्रू कमी होत जातात तसे उरलेले वेगाने धावतात. तोमोहिरो निशिकादो यांच्या त्या यंत्रातला प्रोसेसर हळू होता, कमी आकृत्या काढायच्या असल्या की त्याचं काम लवकर उरकायचं. आज वेगवान चिप लावून ही उणीव ‘सुधारली’, तर छाती धडधडवणारी ती गंमतच संपेल.

आपल्याकडच्या पार्लरांमधल्या पेट्या मात्र बहुतेक भंगारात गेल्या. प्लायवूड सरपणाला, तांबं वितळवायला. त्या दुरुस्त करणाऱ्यांची नावं, त्यांच्या युक्त्या, कुठल्या गावात कुठला बोर्ड किती दिवस चालला, याची वही कुणी ठेवली नाही. आता जे काही उरलंय ते आठवणीत आणि ‘मेम’च्या फाइलींत.

हे सगळं जुन्या लोकांचं दुखणं वाटत असेल, तर ३० ऑक्टोबर २०२० आठवा. सरकारी बंदीनंतर त्या दिवशी ‘पब्जी मोबाइल’चे सर्व्हर भारतासाठी बंद झाले. फोन तोच, ॲप तेच, बोटंही तीच; खेळ मात्र नाही. कारण वेगळं होतं, पण किल्ली इथेही खेळणाऱ्याच्या हातात नव्हती. ‘मुस्तफा’ची बॅटरी निदान त्याच्या स्वतःच्या पेटीत होती, मागचं दार उघडून तिच्यापर्यंत पोचता तरी येत होतं. आपल्या खेळांची बॅटरी दुसऱ्याच देशातल्या एखाद्या इमारतीत असते, आणि त्या इमारतीला आपल्यासाठी मागचं दार नाही.