कायदामंत्र्याची खुर्ची

कोकणी माणसाला कोर्टाची पायरी नवी नाही. जमिनीची हद्द, आंब्याची कलमे, देवस्थानचे मानपान यांवरून आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या दावे चालतात. पण दिल्लीतला कायदामंत्री नेमके काय करतो, असे विचारले तर आपण अडखळतो. म्हणून आज या पदाची थोडी हकिकत सांगतो.

या खुर्चीचे मूळ कंपनी सरकारात आहे. १८३३च्या सनदी कायद्याने गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलात कायद्याचा एक सभासद आला. पहिला सभासद मेकॉले. त्याच्या आयोगाच्या मसुद्यातून पुढे १८६०ची दंड संहिता झाली. ती आपल्याकडे ३० जून २०२४पर्यंत चालली. परका राज्यकर्ता गेला, पण त्याचा कायदा राहिला.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी ही खुर्ची डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे आली. त्यांचे मूळ गाव मंडणगड तालुक्यातले आंबडवे, म्हणजे रत्नागिरी जिल्हा. तेव्हा आपले मालवणही त्याच जिल्ह्यात होते. स्त्रियांना वारसा आणि घटस्फोटाचा हक्क देणारे हिंदू कोड बिल त्यांनी लावून धरले. ते रखडले, आणि सप्टेंबर १९५१मध्ये बाबासाहेबांनी राजीनामा दिला. कारणे आणखीही होती, पण हे मोठे होते. १९५५-५६मध्ये त्याच बिलाचे तुकडे चार कायदे होऊन संमत झाले.

मुंबई उच्च न्यायालयाचे माजी न्यायाधीश एच. आर. गोखले १९७१ ते १९७७ या काळात कायदामंत्री होते. १९७३मध्ये तीन ज्येष्ठ न्यायमूर्तींना डावलून सरन्यायाधीश नेमले गेले. आणीबाणीत, १९७६मध्ये, गोखल्यांनीच बेचाळिसावी घटनादुरुस्ती संसदेत मांडली. घटनादुरुस्त्यांना न्यायालयात आव्हानच देता येऊ नये, अशी तिची तरतूद होती. एकाच खुर्चीवर एकाने तत्त्वासाठी पद सोडले, दुसऱ्याने सत्तेसाठी कायदा वाकवला, असे मला वाटते.

इंग्रजांच्या ताब्यातून सुटलेल्या आफ्रिकी देशांतही हा प्रश्न आला. नायजेरियाच्या १९९९च्या राज्यघटनेत अ‍ॅटर्नी जनरल हाच मंत्रीही असतो. सरकारचा वकील आणि सरकारचा मंत्री एकच. आपल्या घटनेने अ‍ॅटर्नी जनरल वेगळा ठेवला. न्यायाधीश नेमण्याचा अंतिम शब्दही १९९३च्या निकालाने न्यायमूर्तींकडे गेला. संसदेने तो बदलायचा प्रयत्न केला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने २०१५मध्ये तो रद्द ठरवला. न्यायमूर्तींनीच न्यायमूर्ती निवडावेत का, हा वाद मात्र अजून मिटलेला नाही.

हे सारे मालवणात बसून का ऐकायचे? आपल्या अपिलासाठी वर्षानुवर्षे मुंबई गाठावी लागे. कोकण रेल्वे येण्यापूर्वी रात्रभर एस.टी., वकिलाची फी, राहण्याचा खर्च, आणि तारीख पुढे. १८ ऑगस्ट २०२५पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले आणि सिंधुदुर्ग त्यात आला. त्यासाठी वकिलांनी आणि पक्षकारांनी अनेक वर्षे लढा दिला.

खुर्चीवर कोण बसतो, हे महत्त्वाचे आहेच. पण समोर उभा राहून जाब विचारणारा नागरिक नसेल, तर ती खुर्ची कुणाचीही होते.