दुकानाचा ॲल्युमिनियमचा दर्शनी भाग : खर्च कशाकशावर ठरतो?

मडगाव, म्हापसा, फोंडा किंवा पणजीच्या बाजारपेठेत लाकडी फळ्यांच्या आणि लोखंडी शटरच्या जुन्या दुकानांच्या जागी आता काच व ॲल्युमिनियमचे दर्शनी भाग दिसू लागले आहेत. नवे दुकान थाटणारा व्यापारी दोन-तीन फॅब्रिकेटरांकडून कोटेशन मागवतो, तेव्हा एकाच मापाच्या कामासाठी आलेल्या आकड्यांत मोठी तफावत आढळते. दर सर्वांनी चौरस फुटाप्रमाणेच दिलेला असल्याने कमी दराचे काम ते स्वस्त, असा समज सहज होतो. परंतु त्या एका आकड्यात धातू, काच, रंगलेप, दाराचे सामान, मजुरी आणि कर एवढे सारे सामावलेले असते. गोव्याच्या खाऱ्या, दमट हवेत यांपैकी कोठे काटकसर केली आहे, यावर त्या कामाचे आयुष्य अवलंबून असते.

धातूचे वजन

फॅब्रिकेटर ॲल्युमिनियम किलोच्या भावाने विकत घेतो आणि ग्राहकाला चौरस फुटाच्या दराने देतो. तफावतीचे पहिले कारण येथेच आहे. चार इंच बाय पावणेदोन इंच मापाची पोकळ नळी, म्हणजे बाजारातील भाषेत ‘सेक्शन’, १.२ मिलिमीटर जाडीच्या पत्र्याची असेल तर तिचे वजन मीटरमागे सुमारे ९३० ग्रॅम भरते. तीच नळी २ मिलिमीटर जाडीची असेल तर सुमारे दीड किलो. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात, पण दुसरीत धातू सुमारे ६५ टक्के अधिक असतो. उंच काचेचा भार आणि वाऱ्याचा दाब पेलताना हा फरक उघड होतो.

धातूचा भाव स्थानिक बाजारात ठरत नाही. तो लंडन मेटल एक्स्चेंजमधील डॉलरच्या दराशी आणि रुपयाच्या विनिमयमूल्याशी बांधलेला असतो. एक किलो ॲल्युमिनियम तयार करण्यास साधारण १३ ते १५ युनिट वीज लागत असल्याने विजेच्या दराचाही त्यावर परिणाम होतो. म्हणूनच बहुतेक कोटेशनांना ठरावीक दिवसांची मुदत असते. मिश्रधातूचा प्रकारही विचारून घ्यावा. बांधकामातील सेक्शनसाठी मॅग्नेशियम व सिलिकॉन असलेला ६०६३ हा मिश्रधातू सर्वत्र वापरला जातो. भंगार वितळवून ओतलेला हलका माल केवळ पाहून ओळखता येत नाही.

सेक्शन ठरावीक लांबीत मिळतात. बारा फुटांच्या नळीतून नऊ फुटांचा खांब कापला तर उरलेला तीन फुटांचा तुकडा बहुधा वाया जातो आणि त्याची किंमत ग्राहकाच्याच माथी पडते. आखणीच्या वेळी उंचीत थोडा बदल करता आला, तर ही नासधूस कमी होते.

काच

खर्चाचा दुसरा मोठा भाग काचेचा. काचेचे वजन एक मिलिमीटर जाडीला चौरस मीटरमागे अडीच किलो असते. त्या हिशेबाने १२ मिलिमीटर काचेचे साडेतीन फूट रुंद व सात फूट उंच दार सुमारे ६८ किलोचे होते. काच जाड झाली की फ्लोअर स्प्रिंग, पकडी आणि चौकट हे सारे त्या भाराला साजेसे घ्यावे लागते, म्हणून खर्च केवळ काचेपुरता वाढत नाही.

दार आणि मोठ्या तावदानांसाठी टफन्ड काच वापरणे सुरक्षित असते. ती फुटली तर तिचे लहान, बोथट तुकडे होतात. मात्र एकदा टफन्ड केलेली काच कापता येत नाही, की तिला भोकही पाडता येत नाही. माप चुकले तर पूर्ण काच बाद होते. त्यामुळे फरशी बसवून आणि चौकट उभी करून झाल्यावरच काचेचे अंतिम माप घ्यावे. सराफ किंवा मोबाइल विक्रेत्यांच्या दुकानांना लॅमिनेटेड काच अधिक उपयुक्त ठरते. ती तडकली तरी तुकडे मधल्या पातळ थराला चिकटून राहतात आणि आत शिरण्यास वेळ लागतो. तिची किंमत अर्थातच जास्त असते. पश्चिमाभिमुख, वातानुकूलित दुकानाने उन्हाची उष्णता अडवणाऱ्या काचेचा खर्च वीजबिलाशी ताडून पाहावा.

खारे वारे आणि रंगलेप

गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि उरलेले महिने समुद्रावरून येणाऱ्या क्षारांचे असतात. ॲल्युमिनियमला लोखंडासारखा तांबडा गंज चढत नाही, पण क्षारांमुळे त्यावर पांढरी भुकटी धरते आणि बारीक खड्डे पडतात. पावडर कोटिंगचा थर साधारणपणे ६० ते ८० मायक्रॉनचा असावा लागतो आणि त्याआधी धातूची रासायनिक धुलाई व्हावी लागते. हीच पायरी गाळून दर खाली आणला जातो. मग दोन-तीन पावसाळ्यांत रंगाला फोड येतात. अॅनोडायझिंग निवडल्यास किनाऱ्याजवळ २५ मायक्रॉनचा थर मागावा. लाकडी छटा किंवा खास रंग हवा असेल तर खर्च वाढतो.

स्क्रूसारखी किरकोळ वाटणारी वस्तू येथे महत्त्वाची ठरते. ॲल्युमिनियमला साधा लोखंडी स्क्रू लागला आणि त्यावर खारे पाणी साचले, तर दोन धातूंच्या संपर्कामुळे स्क्रूभोवतीचे ॲल्युमिनियम झिजते. बाजारात स्वस्त सामान बहुधा २०२ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे असते. त्याहून ३०४ बरे आणि समुद्रालगत ३१६ उत्तम. संपूर्ण कामाच्या खर्चात स्क्रू, बिजागऱ्या व मुठींचा हा फरक फारसा नसतो.

बसवणी, ऋतू आणि परवानगी

चार मीटर लांबीची ॲल्युमिनियमची पट्टी तापमानातील ३० अंशांच्या फरकाने सुमारे पावणेतीन मिलिमीटर लांबते. काच त्या मानाने निम्म्याहूनही कमी प्रसरण पावते. त्यामुळे दोहोंमध्ये योग्य फट ठेवून ती चांगल्या प्रतीच्या सिलिकॉनने भरावी लागते. ओल्या भिंतीवर सिलिकॉन नीट धरत नाही आणि ओले सिमेंट रंगलेपावर डाग पाडते, म्हणून शक्य तो हे काम जूनपूर्वी उरकावे. चतुर्थी आणि दिवाळीच्या तोंडावर फॅब्रिकेटरांकडे कामाची रीघ लागते. तेव्हा मजुरीही वाढते आणि घाईही होते. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्यालगत येऊन गेल्यावर वाऱ्याच्या दाबाचा विचार रुंद काचेच्या दुकानांना टाळता येणार नाही.

जुने शटर काढणे, भिंत दुरुस्त करणे, राडारोडा हलवणे, फलकाचा सांगाडा आणि विजेची जोडणी या गोष्टी बहुतांश कोटेशनांत नसतात. दुकान भाड्याचे असेल तर मालकाची, पालिकेच्या बाजारातील असेल तर पालिकेची संमती लागते. पणजीतील फोंताइन्हससारख्या संरक्षित वस्तीत दर्शनी भागाला हात लावण्यापूर्वी परवानगी घेणे आवश्यक आहे. ती न घेता केलेले काम उतरवावे लागले तर सारा खर्च वाया जातो.

कोटेशनांची तुलना

दर विचारण्यापूर्वी सर्व फॅब्रिकेटरांना एकच तपशील लिहून द्यावा: सेक्शनचे माप, जाडी व मीटरमागील वजन, काचेचा प्रकार व जाडी, रंगलेपाचा थर, दाराच्या सामानाची प्रत, वाहतुकीत किंवा बसवताना काच फुटल्यास जबाबदारी कोणाची, आणि १८ टक्के जीएसटी दरात धरला आहे की वेगळा. माल आल्यावर सेक्शनचा एक तुकडा वजन करून पाहण्यास पाच मिनिटे पुरतात.

काम पूर्ण झाल्यावरही थोडी निगा लागते. व्हरांड्याखालचा किंवा सज्जाखालचा भाग पावसाने धुतला जात नाही, म्हणून क्षार तेथेच अधिक साचतात. महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने पुसून घेतल्यास रंगलेप पुष्कळ वर्षे टिकतो. उमेदीने उघडलेल्या दुकानाच्या भांडवलाचा मोठा वाटा या दर्शनी भागात अडकतो. तो पुन्हा चार वर्षांनी खर्च करावा लागू नये, यासाठी कोटेशनातील प्रत्येक ओळीचा अर्थ आधी समजून घेणे हिताचे ठरते.