जात्यापाशी गेलेलं यंत्र

रत्नागिरीत घराबाहेर आवाज टिपायचा म्हणजे पहिलं भांडण वाऱ्याशी. भाट्याच्या किनाऱ्यावर माइकला केसाळ टोपडं घातलं तरी वारा आत शिरतोच. पावसाळ्यात पत्र्याखाली तर समोरचा माणूस फक्त ओठ हलवताना दिसतो! पण यंत्राबद्दल तक्रार नाही. ते तळहाताएवढं आहे, आणि तासाभराचा चोवीस बिटांचा स्टिरिओ आवाज साधारण एक जीबीत मावतो. ते घेऊन मी नात्यातल्या म्हाताऱ्या माणसांची बोली टिपत फिरतो. फिरताना सारखं वाटतं, की हे यंत्र नव्हतं तेव्हा कोण कोणाकडे जात असेल?

तेव्हा माणसानंच यंत्राकडे जायचं असे. 1902 साली ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यात ध्वनिमुद्रणाला आला. गाणाऱ्यानं त्याच्या खोलीत जायचं, भोंग्याशी तोंड नेऊन खणखणीत गायचं आणि तीनेक मिनिटांत आटपायचं. मेणावरचं ते मुद्रण जर्मनीतल्या हॅनोव्हरला जाई आणि तिकडून तबकड्या होऊन येई. गौहरजानसारख्या गायिकेनं हे साधलं. लावणीला वाकलेली बाई तिथे कशाला पोचणार?

तिची बोली कागदावर मात्र पोचली. ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाचा मराठीवरचा सातवा खंड 1905 सालचा. त्यात आपल्याकडची संगमेश्वरी आहे, बाणकोटी आहे. नमुना म्हणून बोलीबोलीत बायबलमधली उधळ्या मुलाची गोष्ट उतरवून घेतलेली. तुलनेला सोयीचं, यात शंका नाही. शब्द आले, प्रत्यय आले. पण हेल राहिला. आणि गोष्टही सांगणाऱ्याची स्वतःची नव्हे! पुढे 1913 पासून याच सर्वेक्षणासाठी ग्रामोफोनवर नमुने घेतले गेले, तेही पुष्कळदा याच गोष्टीचे. आज ते इंटरनेटवर ऐकायला मिळतात.

यंत्र माणसाकडे जायला लागलं ते पुढे. 1951 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये स्टेफान कुडेल्स्की यानं खांद्याला लावून नेता येणारा टेप रेकॉर्डर केला. नाव ‘नाग्रा’, त्याच्या पोलिश मायबोलीत अर्थ ‘नोंदवील’. रेडिओवाल्यांनी आणि सिनेमावाल्यांनी तो जगभर नेला. 1987 मध्ये डॅट, म्हणजे डिजिटल फीत, आली. काडेपेटीहून थोडी मोठी कॅसेट, आणि प्रतीची प्रत काढली तरी आवाज विटत नाही.

या सगळ्याचं आपल्याकडचं चीज, माझ्या मते, घाटावर झालं. पुण्याचे गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. आधी त्या लिहून घेतल्या. मग 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात बर्नार्ड बेल डिजिटल यंत्र घेऊन त्याच गावांत गेले आणि 120 तासांहून अधिक ध्वनिमुद्रण झालं. तोवर पिठाच्या गिरण्या आल्या होत्या, जाती कोपऱ्यात गेली होती. म्हणजे अगदी वेळेवर! 2017 पासून ‘पारी’ या संकेतस्थळावर या ओव्या शब्दांसह ऐकता येतात.

मी त्या आधी वाचल्या होत्या. ऐकल्यावर कळलं की एकीनं उचललेली ओळ दुसरी झेलते, आणि शब्द संपल्यावरही सूर ओढलेला राहतो. वहीत त्याला जागाच नाही. शिवाय ही बाई कुणाची गोष्ट भाषांतर करून सांगत नव्हती. बाप, भाऊ, लेक, सासर.. सगळं तिचं. ती आपल्या ओसरीवर होती, म्हणून ते आलं.

असो. आता हे यंत्र प्रत्येकाच्या खिशात फोनच्या रूपात आहे, तेव्हा नातेवाईक मंडळींना एक विनंती. आपल्यात अस्सल संगमेश्वरी बोलणारी चार-पाचच माणसं उरली आहेत. त्यांच्याकडे जा. पंखा आणि टीव्ही बंद करा, आधी गाव आणि तारीख बोला, शेवटी मिनिटभर नुसती खोलीची शांतता टिपा. दोन ठिकाणी प्रत ठेवा. आणि ‘काहीतरी सांग’ असं म्हणू नका, त्यानं माणूस बुजतो. फणस कसा फोडायचा ते विचारा. पुढचा तासभर तुम्हाला बोलावं लागणार नाही.