रुखवतातला हंस

गेल्या वर्षी आपल्या मंडळाकडे एका लग्नाच्या रुखवताचे काम आले होते. दसुतीच्या टेबलक्लॉथवर हंसाचा जोडा भरायचा होता. आकृती उतरवून झाली, मी सुई ओवली, तोच एक बाई सहज म्हणाल्या, "हंसाच्या जोडीतला एक गेला की दुसरा अन्नपाणी सोडून प्राण देतो म्हणे. पहिला टाका एखाद्या सवाष्णीनेच घातलेला बरा, नाही का?" त्यांच्या बोलण्यात दुष्टावा नव्हता. मी सुई शेजारणीच्या हाती दिली आणि कात्री शोधण्याच्या निमित्ताने उठले. यजमानांना जाऊन तेव्हा अकरा वर्षे झाली होती, आणि अन्नपाणी काही मी सोडले नव्हते.

या पक्ष्याच्या नावावर आपण काय काय खपवतो ते एकदा पाहावे, असे त्या दिवशी मनाने घेतले. स्मरणिकेसाठी काही ऐतिहासिक लिहा, असा निरोप आला तेव्हा टिपणे तयारच होती.

पहिला घोटाळा पक्षी कोणता, हाच आहे. भेटकार्डांवर माना वाकवून बसलेली पांढरी शुभ्र जोडी असते, ती युरोपातल्या स्वान पक्ष्याची. (हा शब्द मराठीत जपून उच्चारावा, जरा जीभ घसरली की श्वान होतो.) हा पक्षी आपल्या देशात क्वचितच, तोही थंडीत वायव्येकडे, वाट चुकल्यासारखा येतो. मग आपल्या कवींनी पाहिला तो हंस कोणता? आपल्या पुराणवस्तु खात्यात पुष्कळ वर्षे काम केलेले डच पंडित फोगेल यांनी भारतीय वाङ्मयातील व कलेतील हंसावर एक स्वतंत्र ग्रंथच लिहिला. तो 1962 साली लायडेन येथे निघाला. त्यांचे म्हणणे असे की, आपला हंस म्हणजे रानटी कलहंसांच्या कुळातला पक्षी. त्यातला पट्टकादंब तर आपल्या घरचा पाहुणा. अंग राखी, डोके पांढरे आणि डोक्यामागे दोन काळे आडवे पट्टे. तो उन्हाळ्यात लडाख-तिबेटच्या सरोवरांकाठी अंडी घालतो आणि थंडीत हिमालय ओलांडून खाली येतो. सात हजार मीटरहून अधिक उंचीवर त्याच्या उड्डाणाची नोंद झाली आहे. मेघदूतातले राजहंस मेघाच्या सोबतीने कैलासाकडे निघतात, त्याला कल्पनेखेरीज हाही आधार आहे. पैठणच्या नाथसागरावर हे पक्षी हिवाळ्यात उतरतात. गावात पदरावर मोर नि मुनिया विणल्या जात असतात आणि खरा हंस शेजारच्या पाण्यावर चरत असतो!

दूध आणि पाणी वेगळे करण्याची कथा तर सर्वांना ठाऊकच आहे. मौज अशी की, यजुर्वेदात हंस पाण्यातून वेगळा करतो तो सोम. पाण्यातून दूध पिऊन घेणारा पक्षी तेथे निराळा आहे, क्रौंच. पुढे केव्हा तरी हंसाने क्रौंचाचे काम आपल्याकडे घेतले आणि तेच त्याला चिकटले.

आता लग्नाचे पाहू. अथर्ववेदातल्या विवाहसूक्तात नवरा-नवरीला उपमा दिली आहे ती चक्रवाकाच्या जोडीची. रात्रभर ताटातूट सोसणारा, विरहाने आक्रंदणारा म्हणून पुढे काव्यात गाजला तोही चक्रवाकच. हंस लग्नात येतो तो कपड्यावरून. कुमारसंभवात ब्रह्मचारी पार्वतीचे मन वळवू पाहतो, तेव्हा विचारतो की, कलहंसांची नक्षी असलेला वधूचा शेला आणि रक्त ठिबकणारे हत्तीचे कातडे यांची गाठ कशी बरे बांधायची? म्हणजे नवरीच्या वस्त्रावर हंस काढण्याची चाल कालिदासाला परिचयाची होती. आपण टेबलक्लॉथवर हंस भरतो, त्याला एवढी जुनी परंपरा आहे. मात्र या नक्षीला प्राण देण्याची अट कालिदासाने कोठे घातलेली नाही.

हंसाचे सर्वांत मोठे काम आहे ते नळ-दमयंतीच्या कथेत. दमयंती आपल्या विदर्भाची. तिचे कुंडिनपूर म्हणजे अमरावती जिल्ह्यातले कौंडण्यपूर, असे परंपरेने मानतात. महाभारतात नळ हंसाला पकडतो आणि हंस थोडक्यात आटोपतो: मला सोड, मी दमयंतीजवळ तुझी वाखाणणी करीन. बाराव्या शतकातल्या श्रीहर्षाने मात्र नैषधचरितात त्या हंसाला पोटभर बोलू दिले आहे. आपल्या रघुनाथ पंडितांनी हा विलाप मराठीत आणला. माझ्या वयाच्या अनेकींनी तो शाळेत पाठ केला असेल.

पाठ केला खरा, पण अर्थाकडे माझे लक्ष आता गेले. श्रीहर्षाचा हंस मृत्यूच्या दारात उभा राहून काय बोलतो? घरी म्हातारी आई आहे, तिला मी एकुलता एक. बायको नुकतीच बाळंत झालेली. पिलांचे अजून डोळे उघडलेले नाहीत. मग तो मनाने बायकोपाशी जातो आणि म्हणतो, माझ्या दुःखाने ऊर फुटून तूही गेलीस, तर दैवाने एकदा मारलेला मी पुन्हा मारला जाईन. कारण मग पिलेही उरणार नाहीत. हे वाचून मी पुस्तक मिटले आणि बराच वेळ तशीच बसून राहिले. हंसीने मागे प्राण द्यावा, ही मागणी हंसाची नाहीच. त्याला धास्ती वाटते ती नेमकी त्याचीच.

यजमान गेले तेव्हा माझी धाकटी सातवीत होती.

सोबत न सोडणाऱ्या हंसाची एक कथा आपल्याकडे आहे, पण ती नवरा-बायकोची नाही. अजिंठ्याच्या 17 क्रमांकाच्या लेण्यात, पाचव्या शतकातल्या भिंतीवर, हंसजातक रंगवलेले आहे. हंसांचा राजा फाशात सापडतो. सारा थवा उडून जातो, पण सेनापती सुमुख पाय मोकळे असूनही राजाजवळ थांबतो. ते पाहून पारध्याचे मन द्रवते व तो दोघांनाही सोडतो. तरी ते दोघे राजवाड्यात जातात, आणि आसनावर बसून राजाला धर्म सांगतात. तेथे मित्र मित्रासाठी थांबला आहे. या गुणाची अपेक्षा एकट्या बाईकडूनच करावी, असे चित्रकाराला वाटले नाही.

एवढे वाचल्यावर खरे पक्षी कसे वागतात, हेही पाहणे भागच होते. इंग्लंडात स्लिमब्रिज येथे पीटर स्कॉट यांनी 1946 साली पाणपक्ष्यांसाठी संस्था काढली. तेथे हिवाळ्यात रशियाच्या उत्तर टोकाकडून बेविक जातीचे स्वान येतात. प्रत्येकाच्या चोचीवरचे काळे-पिवळे ठिपके निराळे असतात, हे ध्यानात घेऊन 1964 पासून स्कॉट कुटुंबाने एकेक पक्षी ओळखायला व त्याला नाव द्यायला सुरुवात केली. तेव्हापासून कोण कोणाबरोबर आला, याचा जणू कुलवृत्तांतच तेथे लिहिला जात आहे. चाळीसएक वर्षांत सुमारे चार हजार जोड्या पाहिल्या गेल्या, आणि दोघेही जिवंत असताना फारकत झाल्याचे दुसरे उदाहरण 2010 साली आढळले. म्हणजे निष्ठेची कीर्ती खोटी नव्हे.

यामागे संसाराचा हिशेबही आहे. मुक्या स्वानाची मादी पस्तीसएक दिवस अंड्यांवर बसते, तेव्हा नर पहारा करतो. पिले आईबापांच्या पाठीवर बसून फिरतात. बेविकची पिले पहिला लांबचा प्रवास आईबापांबरोबरच करतात. वाट त्यांना अशीच कळते. दरसाल नवा जोडीदार शोधण्यात वेळ घालवला, तर उत्तरेकडचा तो तोकडा उन्हाळा हातचा जायचा. सगळेच काही धुतल्या तांदळासारखे नसतात, हेही सांगितले पाहिजे. ऑस्ट्रेलियातल्या काळ्या स्वानांच्या रक्ताची तपासणी केली, तेव्हा बरीच पिले घरच्या नराची नसल्याचे उघडकीस आले.

आणि जोडीदार मेल्यावर? कोन्राड लोरेन्झ या शास्त्रज्ञाने (यांना 1973 साली नोबेल पारितोषिक मिळाले) कलहंसांबरोबर आयुष्य काढले. ते लिहितात की, मागे राहिलेला पक्षी साद घालीत शोधत हिंडतो, खिन्न होतो, थव्यातला त्याचा मान उतरतो, काल त्याला भिणारे आज चोच मारतात. हे वाचून मी मनाशी हसले. पाखरांच्यातही चालते तर! पण तो पक्षी चरतो, उडतो, थव्याबरोबर राहतो. स्वानांचेही असेच. काही जण एक-दोन हिवाळे एकट्याने काढतात आणि पुढे बहुतेक नवा जोडीदार करतात. कलहंस आपल्या कल्पनेइतके एकनिष्ठ निघेनात, म्हणून लोरेन्झ नाराज झाले, तेव्हा त्यांच्या सहकारी बाईंनी त्यांची समजूत घातली की, हंस झाले तरी शेवटी माणसेच ती!

या मार्गशीर्षात पुन्हा एका रुखवताचे काम आले. या खेपेला आकृती मीच काढली आणि पहिला टाकाही मीच घातला. कोणी काही बोलले नाही. अंगाला राखी दोरा घेतला, चोच नि पाय नारिंगी केले आणि पांढऱ्या डोक्यामागे काळ्या दोऱ्याने दोन आडवे पट्टे भरले. नवरीची आई कापड न्यायला आली. तिने ते उजेडात धरून पाहिले आणि म्हणाली, "काम सुरेख झालंय हो, पण बदकं का काढलीत?"