तोंड न उघडणारी शिंपली

शिंपल्या वाफवायची अलीकडची कुठलीही पाककृती वाचा, शेवटी एक ताकीद ठरलेली असते: झाकण काढल्यावर जी उघडलेली नसेल ती फेकून द्या, ती आधीच मेलेली होती. मराठीतही हे वाक्य आता रुळलंय. सांगणाऱ्याचा सूर असा, की हे शहाणपण कोळीवाड्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं असावं. तसं नाही. या नियमाचं वय पन्नाशीच्या जरा पुढे आहे आणि त्याचं मूळ खाडीत नाही, छापील पुस्तकात सापडतं.

ते शोधलं निक रुएलो या ऑस्ट्रेलियन मत्स्यशास्त्रज्ञाने. त्याचं काम मसल्सवर, म्हणजे गोव्यात ज्यांना शिनाण्या म्हणतात त्यांच्या भाईबंदांवर. जुनी पाकपुस्तकं चाळत तो मागे मागे गेला आणि 1973 सालापाशी थांबला. त्या वर्षी जेन ग्रिगसन यांचं ‘फिश कुकरी’ हे पुस्तक निघालं. शिजवल्यावर न उघडणारे मसल्स टाकून द्यावेत, असा सल्ला त्यांनी दिला होता. ग्रिगसन म्हणजे इंग्लंडमधल्या फार मानाच्या पाकलेखिका. त्यांचा शब्द सहसा कुणी तपासायला जात नसे. रुएलोच्या मोजणीप्रमाणे सत्तरच्या दशकातल्या 13 टक्के पाकपुस्तकांत हा सल्ला दिसतो, ऐंशीच्या दशकात 31 टक्के पुस्तकांत, आणि नव्वदीत त्यावर जवळजवळ एकमत झालेलं आहे.

हे कसं होतं याचं मला फारसं आश्चर्य वाटत नाही. पाककृती लिहिणारे चवीच्या बाबतीत एकमेकांशी खुशाल भांडतात. लसूण ठेचायची की चिरायची यावर पानं भरतात. पण विषबाधेचा विषय निघाला की सगळे निमूट. एकाने ताकीद लिहिली की ती गाळायची हिंमत पुढच्याला होत नाही. शिवाय या नियमाला एक जन्मजात कवच आहे. टाकून दिलेली शिंपली कुणी उघडून बघत नाही, त्यामुळे ती चांगली होती हे कधीच कुणाला कळत नाही आणि नियम दर वेळी खरा ठरतो.

रुएलोने तो सल्लाच चुलीवर चढवला. नेहमीच्या वेळात शिजवलेल्या मसल्सपैकी 11.5 टक्के बंदच राहिले. ते त्याने सुरीने उघडले. आतलं मांस नीट शिजलेलं होतं आणि खाण्याजोगंही होतं.

शिंपलीची रचना पाहिली तर याचा उलगडा होतो. दोन शिंपांच्या बिजागरीपाशी एक लवचिक बंध असतो. दारं आपोआप बंद व्हावीत म्हणून लावतात त्या स्प्रिंगच्या नेमकं उलटं त्याचं काम: तो शिंपा सतत उघडायला बघतो. त्याला थोपवून धरतात ते आतले दोन स्नायू. म्हणजे बंद राहणं हे जिवंतपणाचं लक्षण, त्याला स्नायूचा जोर लागतो. उघडं पडायला काहीच लागत नाही. जीव गेला, स्नायू ढिला पडला, की शिंपा आपोआप फाकतात. कढईत वाफेने हेच घडवून आणलं जातं. उष्णतेने स्नायूतली प्रथिनं आकसतात, त्यांची शिंपेवरची पकड सुटते आणि बंध आपलं काम करतो. एखाद्या शिंपलीत ती पकड चिवट असते, स्नायू शिजूनही शिंपेला धरून राहतो, आणि तोंड मिटलेलंच राहतं. प्रचलित नियम मात्र बरोब्बर उलटं सांगतो: उघडली ती भली, मिटलेली ती मेलेली. खरं तर कुजकी शिंपली बहुतेकदा बाजारातून येतानाच आ वासून आलेली असते.

शिंपलीतला खरा धोका तोंडावरून ओळखूच येत नाही. ती पाणी गाळून जगते आणि त्या पाण्यातलं सूक्ष्म प्लवक खाते. त्यातल्या काही जाती विषारी असतात. त्या फोफावल्या की विष शिंपलीच्या मांसात साठतं. तिला त्याचा त्रास होत नाही, खाणाऱ्याचे मात्र ओठ बधिर होतात आणि श्वास अडखळतो. 1793च्या जूनमध्ये कॅप्टन जॉर्ज व्हँकुव्हरच्या खलाशांनी कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर न्याहारीला मसल्स खाल्ले आणि त्यांतला जॉन कार्टर काही तासांत दगावला. ती जागा आजही नकाशावर ‘पॉयझन कोव्ह’ म्हणूनच आहे. आपल्या किनाऱ्यावरही 1983 साली मंगळूरच्या दक्षिणेला कुंबळे इथे खाडीतल्या शिंपल्या खाऊन अशीच विषबाधा झाली होती. हे विष उकळल्याने जात नाही. शिंपल्या उघडतात, छान दिसतात, वासही येत नाही. तेव्हा ताकीद छापायचीच असेल तर ती शिंपली कुठल्या पाण्यातून आली याबद्दलची छापावी.

कोकण-गोव्याच्या जुन्या स्वयंपाकात न उघडणाऱ्या शिंपलीचा हा नियम कधी लागलाच नाही, कारण तिथे बऱ्याच घरांत शिंपली विस्तवावर जाण्याआधीच उघडलेली असते. तिसऱ्यांचं एकशिपी करायचं तर कच्च्या तिसऱ्या विळीच्या पात्यावर एकेक फोडतात, रिकामी शिंप टाकतात आणि मांस असलेली ठेवतात. आत काय आहे ते तिथल्या तिथे दिसतं. हल्ली त्या आधी काही वेळ फ्रीझरमध्ये ठेवतात. गारठ्याने स्नायूचा जोर जातो आणि पातं सहज शिरतं. खरी निवड त्याही आधी होते. फाकलेली शिंपली टिचकी मारूनही मिटली नाही तर बाजूला. हातात घेतल्यावर अवाजवी जड लागणारी तर आधीच बाजूला, कारण ती चिखलाने भरलेली असते. मेलेल्या तिसरीच्या शिंपांत कधी कधी गाळ बसून त्या गच्च चिकटतात, आणि अशी एक जरी कढीत फुटली तरी सबंध पातेलं मातीला मिळतं. कोकणातल्या बायकांचा बंद शिंपलीवरचा संशय हा असा आहे. त्यात विषाची भीती नसते, वाटण वाया जाण्याची असते. मला तो पुस्तकातल्या नियमापेक्षा कितीतरी पटण्यासारखा वाटतो.

घरी वाफवायच्या असतील तर शिंपल्या आधी मिठाच्या पाण्यात ठेवाव्यात. गोड्या पाण्यात त्या मरतात आणि पोटातली रेती पोटातच राहते. मग चोळून धुवाव्यात. भांडं पसरट आणि जाड बुडाचं हवं, शिंपल्या फार तर दोन थरांत. तळाशी लसूण, आलं, एखादी मिरची, आणि पाणी नावापुरतं. शिंपली स्वतःच पुष्कळ पाणी सोडते. आच मोठी ठेवून झाकण लावायचं. चार-पाच मिनिटांत तोंडं उघडू लागतात, आणि इथे घाई करावी लागते: जी उघडली ती लगेच चिमट्याने बाहेर. शेवटची उघडेपर्यंत सगळ्या आत ठेवल्या की आधी उघडलेल्या वातड होतात. बंद शिंपली फेकायच्या नियमाचा हा आणखी एक तोटा. फेकावी लागू नये म्हणून माणूस वाट बघत बसतो आणि त्यापायी बाकीच्या बिघडवतो.

खाली उरलेलं पाणी हाच खरा ऐवज. ते जरा निवू द्यावं, रेती तळाला बसली की वरचं अलगद ओतून फडक्यातून गाळावं. ते मुळातच खारट असतं, म्हणून कढीत किंवा सुक्यात घालताना मीठ चाखूनच टाकावं. बंद राहिलेल्या शिंपल्या वेगळ्या ताटलीत घ्याव्यात आणि सुरीचं टोक घालून एकेक उघडावी. चिखल निघाला किंवा वास आला तर टाकावी. नाहीतर आतलं मांस शिजलेलं असतं, ते बाकीच्यांत घालावं.