पाण्यालगतची भरारी

१९६६ साली रात्रीच्या अंधारात व्होल्गा नदीतून एक प्रचंड धूड ओढून नेले जात होते. पंख काढलेले, अंगावर आच्छादन. अंधार पडला की निघायचे, उजाडले की थांबायचे. गॉर्कीहून निघालेले हे धूड कास्पियन समुद्राकाठी पोहोचले आणि १६ ऑक्टोबरला पाण्यावरून उठले. पण उठले ते किती? अवघे काही मीटर! लांबी ९२ मीटर, वजन ५४४ टनांपर्यंत, दहा जेट इंजिने. आणि एवढ्या बळाने आकाश गाठायचेच नाही!

याचे जनक रोस्तिस्लाव अलेक्सेयेव हे मुळात जहाजे बांधणारे. पाण्याखालच्या पंखांवर उचलली जाणारी त्यांची 'राकेता' नौका १९५७ साली व्होल्गेवर धावली होती. मात्र वेग फार वाढला की त्या पंखांवरचे पाणीच उकळल्यासारखे बुडबुडे धरते. तेव्हा पंख हवेत काढावा, पण पाण्याला सोडू नये, असा विचार त्यांनी केला.

त्यातले इंगित असे. पंखाखालची दाबलेली हवा टोकाला वळसा घालून वर धावते आणि मागे भोवरे सोडते. त्या भोवऱ्यांची ताकद अखेर इंजिनाच्याच पदरची. शिवाय पंखामागची हवा खाली ढकलली जाते, तेव्हा उचलणारा जोर किंचित मागे कलतो आणि विमानालाच मागे ओढू लागतो. जमीन वा पाणी जवळ असले की हवेला खाली जायला वाव नसतो, भोवरेही फोफावत नाहीत. जर्मन शास्त्रज्ञ वीझेल्सबर्गर यांनी १९२१ सालीच याचे गणित मांडले होते. पंखांच्या एकूण रुंदीच्या दहाव्या हिश्शाइतक्या उंचीवर ही ओढ जवळजवळ निम्मी होते. रुंदीइतके वर गेले की फायदा नावापुरता उरतो. हवेच्या घर्षणाची ओढ मात्र कोठेही सुटत नाही. पाणकोळ्यांना हे गणित न शिकता येते, हा भाग निराळा.

अमेरिकन हेरांनी छायाचित्रांत पंखावरची 'केएम' ही अक्षरे पाहिली आणि त्यांचा अर्थ 'कास्पियनचा राक्षस' असा लावला. खरा अर्थ होता 'नमुना-जहाज'. भयाला अक्षरे कशीही वाचता येतात!

पुढे 'ऑर्ल्योनोक' या धाकट्या यानाच्या चाचणीत शेपटीकडचा भाग तुटून पडला. यानात अलेक्सेयेव स्वतः होते. सुकाणू हाती घेऊन, पुढच्या इंजिनांच्या बळावर त्यांनी ते तुटके यान किनाऱ्याला आणले. माणसे वाचली. बक्षीस काय मिळाले, तर पदावनती! ज्याने यान आणले त्यालाच खाली बसवायचे, हा न्याय मला आजही उमगत नाही.

फेब्रुवारी १९८० मध्ये ते वारले. त्याच वर्षी उड्डाण करताना चालकाने 'केएम'चे नाक फार वर उचलले. पाण्याचा आधार सुटला, यान एका अंगाला कलले आणि समुद्रावर आदळले. कोणी दगावले नाही. काही दिवस ते तरंगत राहिले. एवढे धूड वर काढणार कोण? मग ते बुडाले.