अर्जाला जोडायचे कागद

शिष्यवृत्तीचा इतिहास आपण सांगतो तो बहुतेक वेळा देणाऱ्यांचा असतो. कोणत्या संस्थानिकाने किती दिले, कोणत्या मुख्यमंत्र्याने कुठली सवलत काढली. आज आपण उलट बाजूने पाहू. मागणाऱ्याला कोणता कागद आणायला सांगितलं? कागद म्हणजे शेवटी विचारलेला प्रश्नच असतो, आणि हे प्रश्न बदलत गेलेले आहेत.

१९१३ घ्या. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली, तीन वर्षांची. त्याआधी बी.ए.साठी जी मदत मिळाली होती, तिच्यामागे केळुसकर गुरुजींनी करून दिलेली ओळख होती. म्हणजे दाखला कोणता, तर गुरुजींचा शब्द. अमेरिकेला जाण्यापूर्वी मात्र करार झाला: परत आल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी. हा कागद पुढच्या काळाबद्दल बोलतो. ‘तू काय करशील?’ असं तो विचारतो. १९१७ मध्ये बाबासाहेब करारानुसार बडोद्याला गेलेही. तिथे काय झालं ते आपल्याला ठाऊक आहे. जातीमुळे राहायला जागा मिळेना. कागद शाबूत होता, घर नव्हतं.

पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना त्यांनी १९४२ मध्ये निवेदन दिलं, आणि १९४४ पासून अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. आता देणारा राजा नाही, सरकार आहे. सरकार प्रत्येकाला भेटू शकत नाही. म्हणून प्रश्न पालटला: ‘तू कोण? तुझे वडील किती मिळवतात?’

हा दुसरा प्रश्न महाराष्ट्रात घरोघर पोहोचला तो ई.बी.सी.मुळे. यशवंतराव चव्हाणांच्या काळातली ही फीमाफी. तिची उत्पन्नमर्यादा वर्षाला १२०० रुपयांवर आली. महिन्याला शंभर, बरं का. आता शिपायाचा पगार कागदावर असतो, तिथे वाद नाही. पण कोरडवाहू चार एकरांचं उत्पन्न किती? ते कुठेच लिहिलेलं नसतं. सातबारा पाहून, पिकाचा अंदाज बांधून तलाठी आकडा घालायचा आणि वरती मामलेदाराचा शिक्का. त्या आकड्याला आपण ‘पुरावा’ म्हणतो. तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही त्याला अनुमानच म्हटलं असतं, आणि तेही लिंग धड न दिसता केलेलं! तरी त्या अंदाजावर कित्येक पिढ्या कॉलेजात गेल्या. आम्हाला तो अंदाज दयाळू वाटतो. पण ज्याची तलाठ्याकडे ऊठबस नव्हती त्याचं काय, हेही विचारायला हवं.

जातीच्या दाखल्याचं गणित याहून कठीण आहे. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७. या तारखांना आपलं कुटुंब महाराष्ट्रात राहत होतं, हे दाखवावं लागतं. २००१ मध्ये अमलात आलेल्या कायद्याने सिद्ध करण्याची जबाबदारी दावा करणाऱ्यावरच टाकली. मग आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला शोधा, गावचा जन्ममृत्यू नोंदीचा नमुना चौदा शोधा. आजोबा शाळेत गेलेच नसतील तर? शिष्यवृत्ती नेमकी अशाच घरांसाठी आहे ना!

आणि भटक्यांचं पाहा. पालं उचलून या गावाहून त्या गावाला जाणाऱ्याला विचारायचं, १९६१ च्या नोव्हेंबरात तुझा पत्ता काय होता? यांतल्या कित्येक जमातींवर १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा शिक्का होता. तो ऑगस्ट १९५२ मध्ये उठला. सोलापूरला कुंपणाच्या आत त्यांची सेटलमेंट होती, हजेरी लागायची. म्हणजे ज्यांना डांबलं त्यांची नोंद सरकारने ठेवली, आणि जे मोकळे फिरत राहिले त्यांची नाही.

२०१७-१८ पासून हे अर्ज महाडीबीटीवर भरले जातात. चावडीऐवजी सेतू केंद्र आलं, शिक्क्याऐवजी आधारला जोडलेलं बँक खातं आलं. वर चढवायची कागदपत्रं मात्र तीच आहेत: उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला. उत्पन्नाचा दाखला तर मुदतीचा, तो पुन्हा काढावा लागतो. त्यासाठी शेतमजूर बापाचा एका दिवसाचा रोज बुडतो, आणि तो रोज उत्पन्नाच्या कुठल्याच रकान्यात वजा होत नाही.